बायाक्काचा हात

'हातभार निवासा'च्या दारात भिंतीतून बाहेर आलेल्या दोन यंत्रहातांनी शालनच्या चपला हलकेच काढून घेतल्या, तळवे झटकले आणि फळीवर जोडीनं लावून ठेवल्या. शालन चार पावलं आत गेली, तशीच मागं फिरली आणि चपला जागच्या जागी आहेत का ते बघून आली. होत्या. तिला ते काही बरं वाटलं नाही.

यंत्रहात आता घरोघरी आले होते. बसस्टँडवर चहा तेच गाळायचे, लग्नात पंगत तेच वाढायचे. त्यांच्या अंगात ताकद होती आणि थकवा नव्हता. सुरुवातीला नव्हतं ते फक्त हातवळण. त्यांची भाकरी परकारानं आखल्यासारखी गोल व्हायची, पण फुगायची नाही. गेल्या सात-आठ वर्षांत मात्र ते भाकरी फुगवायला लागले, हार ओवायला लागले, दाढी करताना गालावरच्या खळग्यातून वस्तरा अलगद वळवायला लागले. हे त्यांना कुणी शिकवलं, याचा विचार शालननं कधी केला नव्हता. ती चौथी शिकलेली, चौसष्ट वर्षांची विधवा बाई. कोल्हापुरात दोन खोल्यांत मुला-सुनेबरोबर राहायची आणि घरची कांदा-लसूण चटणी विकायची. तिच्यापुढं एकच प्रश्न होता, आईबापाला ठेवायचं कुठं.

बाप, ज्ञानू गुळव्या, सत्त्याऐंशीचा. खुब्याचं हाड मोडल्यापासून उचलून बसवावं लागायचं. आई बायाक्का चौऱ्याऐंशीची. गावचं घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. भाऊ सुरतेला, तो फोनवरून काळजी करायचा. शालननं दोघांना आपल्या घरी आणलं, तर तिसऱ्या दिवशीच आईनं ताट बाजूला सारलं.

"लेकीच्या दारात किती दिवस गिळायचं? माझी आई लेकीच्या घरचं पाणी प्याली नव्हती."

"तुझ्या आईला सून होती. तुझी सून सुरतेला हाय," शालन म्हणाली.

पण म्हातारी अर्धपोटी राहायला लागली. म्हणून शालननं वृद्धाश्रम बघायला घेतले. पहिल्याचं महिन्याचं शुल्क तिच्या सहा महिन्यांच्या चटणीएवढं होतं. दुसऱ्याचं परवडत होतं, पण जिन्यातच मुताचा वास आला आणि ती पहिल्या पायरीवरून परतली. हातभार निवास तिसरा. दोघांना मिळून एक खोली, जेवण, औषधपाणी, जन्मभर. आणि त्याचं महिन्याला काहीच नाही. इतकं स्वस्त म्हणजे कुठंतरी नासलेलं असणार. कुठं, तेवढं हुडकायचं होतं.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांवरची झाकणं उचलली, आमटी तळहातावर घेऊन चाखली. एका खाटेवरची गादी उलटून ढेकूण पाहिले. एका म्हाताऱ्या बाईला म्हणाली, "आजी, जरा कुशीवर व्हा," आणि पाठीला जखमा आहेत का ते बघून घेतलं. आमटी चांगली होती, गादी स्वच्छ होती, पाठ गुळगुळीत होती. शालनचा संशय दुप्पट झाला.

व्हरांड्यात एक हसतमुख म्हातारा बसला होता. शेजारी एक यंत्रहात देवासाठी झेंडूचा हार ओवत होता.

"तुमी काय करायचा, दादा?"

"मी दगडू फुलारी. देवळापुढं दुकान होतं. हार ओवायचो म्हणे."

"म्हणे? तुमालाच ठावं न्हाई?"

"ठावं हाय की. दुकान आठवतं, गिऱ्हाईक आठवतं. हात आठवत न्हाई." त्यानं टोपलीतलं एक फूल उचललं. चिमटीत कसं धरावं हे कळेना, तसं मुठीत धरलं. आणि पुन्हा हसला. "पण जेवाण चांगलं हाय हितं."

शालन तिथून तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर निरंजन उपळेकर पन्नाशीचा, चष्म्याआडून मऊ बोलणारा माणूस. मेंदूचा अभ्यासक. त्यानं खुर्ची पुढं केली.

"बसा मावशी."

"मावशी म्हणू नका, माझी भण तुमची आई न्हवं. त्या फुलाऱ्याचं काय केलंसा ते सांगा."

डॉक्टर दचकला नाही. उलट त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. "सगळे आधी शुल्क विचारतात. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, शालनताई. लपवण्यासारखं काही नाही. हातांच्या आठवणीला आम्ही करस्मृती म्हणतो."

"आमी हातवळण म्हणतो."

"तेच. माणसाला वाटतं, आठवण म्हणजे डब्यात ठेवलेला दागिना. हवा तेव्हा काढावा, बघावा, परत ठेवावा. तसं नसतं. आठवण वापरायला काढली की ती मेंदूत थोडा वेळ मऊ होते, मेणासारखी वितळते. वापरून झाली की पुन्हा घट्ट होते. प्रत्येक वेळी ती नव्यानं थिजते."

"गुळाच्या ढेपेगत म्हणा की. तापवली तर पाक, निवली की ढेप."

"अगदी तसंच. तर ती पाक असते तेवढ्याच वेळात आम्हाला ती वाचता येते. डोक्यावर एक टोप घालतो आणि यंत्रहातात उतरवून घेतो. ह्याला आम्ही उतरवणी म्हणतो."

"मग उतरवा आनि त्यांची त्यास्नी परत द्या. फोटू काढला म्हणून मानूस नाहीसं होतंय व्हय?"

"वाचताना पाक ढवळला जातो, ताई. ढवळलेला तसाच थिजू दिला तर..."

"कणी बिघडती."

"हो. मग हात थरथरतो, नको तिथं झटके देतो. पहिल्या दोन माणसांचं तसं झालं. म्हणून आम्ही एक औषध देतो. ती आठवण मग परत थिजतच नाही."

"म्हंजे ढेप तुमच्या घरी आनि आमच्या घरी रिकामी काहिल."

"जे हात आता वापरात नाहीत त्यांचीच," डॉक्टर म्हणाला. "फुलारीकाकांना वयाच्या ऐंशीव्या वर्षी हार कशाला ओवायचेत? त्यांचा हात आज हजार देवळांत ओवतोय. त्याच्या मोबदल्यात ते इथं सुखानं राहतात. दोघांना जन्मभर ठेवायला साधारण तीन उतरवण्या लागतात. तुमचे वडील काय करायचे?"

इथं शालनची मान ताठ झाली. "ज्ञानू गुळव्या तुमी ऐकला नसंल, तुमी पेठेतलं. पंचक्रोशीत गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं की आधी माझ्या बापाला बलावणं. गार पाण्यात बोटं बुडवायची, उकळत्या काहिलीतला पाक चिमटीत घ्यायचा, गोळी फिरवायची, आनि सांगायचं, उतरा. एका श्वासाची चूक न्हाई. त्यांच्या ढेपेला बोली लावाय व्यापारी भांडायचं."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "ती एकच पुरेल. बाकी दोन नकोत."

"ती मिळायची न्हाई."

"ताई, त्यांना आता चुलवाणापुढं..."

"न्हाई म्हनलं न्हवं. चुलवाण असू दे का नसू दे. त्यो माझा बाप हाय त्यो त्या हातामुळं. दुसरं काय घ्यायचं ते बोला."

मग सौदा सुरू झाला. चटणीच्या धंद्यात शालननं उभा जन्म घासाघीस केली होती. आईची भाकरी डॉक्टरनं मागितली, शालननं नाकारली. आईची गोधडी मागितली; तीही नाकारली. किमती माल मागं सारायचा आणि रद्दी पुढं करायची, हे तिनं मनाशी ठरवलं. बापाची जनावराचं दावं बांधायची गाठ दिली. आता गोठा कुठं होता. आईचं शेणी थापणं दिलं. शेण तरी कुठं होतं. तिसरं काही सुचेना. ती खोलीबाहेर गेली. तिच्याबरोबर रिक्षातून आलेले आई-बाप व्हरांड्यात बाकावर बसले होते; बापाला यंत्रहातांनी उचलून बसवलं होतं.

"आई, अजून एक पायजे. तुझ्या उपेगात न्हाई असं काय हाय गं हाताला?"

बायाक्कानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. "काय असायचं? पोरं निजवायची. तुमी भावंडं, पुतणं, नातवंडं. गल्लीतली रडकी पोरंबी माझ्याकडंच आणून टाकायची. थोपटलं की निजायची. आता कुणाला थोपटायचं?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ज्ञानू गुळव्या खाकरला. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण लेक समोर उभी होती, पलीकडं परकी माणसं होती. त्यानं मान खाली घातली आणि पंच्यानं तोंड पुसलं.

"थोपटणं चालंल?" शालननं आत येऊन विचारलं. तिला वाटलं, आता हा हसणार.

डॉक्टरनं लगेच लिहून घेतलं.

तिथं ती थबकली. चटणीच्या गिऱ्हाइकानं भाव न करता पैसे काढले की शालन तराजू पुन्हा बघायची. तिनं कागद घरी नेला, सुनेकडून वाचून घेतला, मग शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. कागद स्वच्छ होता. जे बोललं होतं तेवढंच लिहिलं होतं. आपण फसलो नाही आणि आपण फसवलंय, अशी तिची खात्री झाली.

गाठ आणि शेणी एका सकाळी उतरल्या. थोपटणं मात्र उतरेना. बायाक्काच्या डोक्यावर टोप घातला, मांडीशी रबरी बाहुली दिली. म्हातारी बाहुलीवर हात ठेवून बसून राहिली.

"ह्यात जीव न्हाई. हात यीना झालाय."

"आठवण खरी जागी झाल्याशिवाय वितळत नाही," डॉक्टर म्हणाला. "एखादं लहान मूल..."

"मूल कुठनं आणू आता?" शालन करवादली. तीन उतरवण्यांचा सौदा दोनवर अडकत होता. दोन घटका वाट बघून तिनं पदर खोचला आणि आईच्या खाटेवर चढून, पाय पोटाशी घेऊन कुशीवर झाली. "थोपट मला. मी बी तुझंच पोर हाय. लवकर उरक, घरी चटणी वाळत पडलीया."

बायाक्का हसली. तिचा हात शालनच्या पाठीवर आला. दोन हलके थोपट, एक जड. मग हात थांबायचा, जणू पोराचा श्वास ऐकतोय. आणि अंगठा कानामागून एकदा फिरायचा. शालनला हे कधी कळलंच नव्हतं, की आईच्या थोपटण्यात मधेच असं थांबणं आहे. डॉक्टरकडं लक्ष ठेवायचं म्हणून ती डोळे उघडे ठेवून होती. नवरा गेल्यापासून ती एका कुशीवर सलग झोपली नव्हती. तिथं, उजेडात, परक्या माणसांपुढं तिला झोप लागली.

जागी झाली तेव्हा आईचा हात तिच्या पाठीवरच होता. नुसता ठेवलेला.

*

पहिलं वर्ष बरं गेलं. आई पोटभर जेवायची. लेकीचं खात नव्हती, स्वतःच्या कमाईचं खात होती, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शालन दर गुरुवारी जायची. जाताना चटणीची पुडी घेऊन आणि डोळ्यात तेल घालून जायची.

दुसऱ्या वर्षी बाप खंगायला लागला. सदरा खांद्यावरून उतरायला लागला, डोळ्यांखाली काळं धरलं. डॉक्टर म्हणायचा, सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. शालननं बापाच्या गोळ्या रुमालात बांधून आणल्या आणि दुसऱ्या औषधवाल्याला दाखवल्या. गोळ्या खऱ्या होत्या. मग तिच्या मनात आलं, ह्यांनी आबांचा गुळाचा हात चोरून तर उतरवला नाही? तिनं वाटीत पाणी आणि चमच्यात कोमट काकवी घेतली.

"आबा, गोळी कशी बघायची? दावा बघू."

म्हाताऱ्यानं बोटं बुडवली, काकवी चिमटीत घेतली आणि अंगठ्यानं अशी फिरवली की शालनच्या अंगावर काटा आला. हात शाबूत होता. "अजून कच्चा हाय," तो म्हणाला, आणि डोळे मिटून तसाच जागा पडून राहिला.

"झोप लागंना व्हय, आबा?"

"म्हाताऱ्याला कसली झोप," तो म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

त्याच महिन्यात शालनला नात झाली. पोर चिडकी, रडायला लागली की गल्ली जागी करायची. अमर, शालनचा मुलगा, हप्त्यानं एक पाळणाहात घेऊन आला. पाळण्याच्या कठड्याला लावायचा, मऊ कातडीचा, कोमट हात. शालननं त्याच्याकडं बघून नाक मुरडलं. "मी मेलेय काय? रबराच्या हातात पोर देताय."

"आई, सगळ्यांच्या घरी हाच आहे," सून प्राजक्ता म्हणाली. "दोन मिनिटांत झोपवतो म्हणतात."

दुपारी शालन आतल्या खोलीत लसूण सोलत होती. पोर रडली, पाळणाहात सुरू झाला, पोर गप्प झाली. शालनच्या हातातली पाकळी तशीच राहिली. डोळे जड झाले. अंग सैल पडलं. हे काय होतंय ते तिला आधी कळेना. मग तिनं कान दिला. दोन हलके, एक जड. थांबणं. ती उठून दारात आली. कातडी अंगठा पोरीच्या कानामागून फिरत होता.

तिनं पाळण्याच्या कठड्याला धरलं. रद्दी म्हणून दिलेला माल घरोघरी चालू होता. एवढ्यासाठीच डॉक्टरनं भाव केला नव्हता.

गुरुवारची वाट न बघता ती तशीच निघाली. खोलीत बाप पडलेला, आई खुर्चीत.

"आई, आबांस्नी थोपट."

"काय तरीच तुझं. म्हाताऱ्याला काय थोपटायचं?"

"थोपट म्हणते न्हवं."

बायाक्कानं हात पुढं केला. दारावर कडी वाजवावी तसा तो म्हाताऱ्याच्या पाठीवर पडला. ठक, ठक, ठक. ज्ञानूनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आबा," शालन खाली बसली. "खरं सांगा. आई तुमास्नी थोपटायची?"

ज्याच्यापुढं उकळत्या काहिलीला कधी माज करता आला नव्हता, तो माणूस लेकीपुढं पोरीसारखा लाजला. "पोरं निजली की तिचा हात थांबायचा न्हाई. तसाच माझ्याकडं यायचा. पासष्ट वर्सं. तिला बी ठावं नसंल, अर्ध्या झोपेत असायची. सांगायची गोष्ट हाय व्हय ती, चार मान्सांत?"

शालन डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिली. "परत घाला."

"ताई, उतरवलेलं वळण यंत्रात घालता येतं, माणसात परत घालता येत नाही. तो रस्ता अजून सापडलेला नाही."

"तिला सांगून, शिकवून? तिचंच हाय ते. यंत्राचा हात दावते तिला."

"दाखवा. पण त्यांना तो ओळखू येणार नाही. हे आपलं, ही ओळखही त्या वळणातच असते. तीही त्याच्याबरोबर उतरते." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं होतं, आणि शालनला ते लबाडीपेक्षा जड गेलं. "काकांच्या खाटेला पाळणाहात लावू शकतो. झोप लागेल. पण तो करारात बसत नाही. त्यासाठी अजून एक उतरवणी लागेल."

"कुठली?"

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला, पहिल्या दिवशी गुळव्याच्या हाताचं ऐकून पुसला होता तसाच.

"माझं घ्या," शालन म्हणाली. "माझी चटणी घ्या. मसाला भाजायचा हात घ्या."

"मग तुम्ही जगणार कशावर? आणि भाजण्याचे हात आमच्याकडं चाळीस आहेत, ताई."

आपला हात चाळिसांतला एक आहे, हे तिला तोंडावर कुणी आजवर सांगितलं नव्हतं. एरवी तिनं त्याला सोलून काढला असता. ती तशीच खोलीत परत आली आणि आईबापाला सगळं सांगितलं. मधलं काही न गाळता, आपल्या सौद्यासकट.

"मी देनार न्हाई," ती शेवटी म्हणाली. "दुसरा विलाज काढते."

ज्ञानू गुळव्यानं उशीवरून मान वळवली. "पोरी, हात माझा हाय का तुझा?"

शालननं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"पंचक्रोशीत आता एक गुऱ्हाळ न्हाई. ह्यो हात धरून मी जागा पडलोय. कुणासाठी? तू गल्लीत सांगावंस म्हणून? घ्या म्हणावं. मला नीज पायजे."

कागदावर अंगठा त्यानं स्वतः उठवला.

पुढच्या गुरुवारी शालन गेली तेव्हा जेवणं नुकतीच झाली होती. ज्ञानूच्या खाटेच्या कठड्याला पाळणाहात लावला होता. म्हातारा कुशीवर होता, तोंड उघडं, आणि खोलवर घोरत होता. त्याच्या पाठीवर हात पडत होता. दोन हलके, एक जड. मग थांबणं. मग सुरकुतलेल्या कानामागून अंगठा.

बायाक्का शेजारच्या खाटेवर बसून टक लावून त्या हाताकडं बघत होती. शालन आली तरी तिनं मान वळवली नाही. तिचे स्वतःचे हात मांडीवर पालथे पडले होते. म्हाताऱ्याची झोप मोडू नये अशा बेतानं, ती हळूच म्हणाली,

"कुणा लेकुरवाळीचा हात दिसतोय, शालन. लई मायेचा. तिनं ह्यो देऊन टाकला, आनि तिची मान्सं कशी गं निजत असतील?"